काळी बकरी

दासोमने आईच्या दोन्ही मनगटांवर अत्तर फवारले, मग मानेवर, मग जरा मागे सरून केसांवरही.

"पुरे झालं की गं," बोगिम म्हणाली. "प्रेताला लावतात तसं काय लावतेस!"

"वास येतो तुला. तुला कळत नाही." दासोमने बाटली पर्समध्ये टाकली आणि गाडीच्या काचेत स्वतःची लिपस्टिक पाहिली. "आता सांग परत. विचारलं तर काय सांगायचं?"

"बकरी."

"नुसती बकरी नाही. काळ्या बकरीचा रस्सा. पहिल्यापासून तेच. बाबा होते तेव्हापासून."

"बापालाही ओढलंस का यात?"

"आई, मला हे लग्न करायचंय."

गिमचॉनच्या घरून देगू शहरापर्यंतच्या वाटेवर हेच चालले होते. दुकानाच्या दारावर कोणी तरी लाल रंगाने 'खुनी' लिहून गेले, त्या सकाळी रॉकेल आणि चिंधी घेऊन बोगिम एकटी घासत बसली होती. तेव्हा लेक फोनवर म्हणाली होती, "मग बंद कर ना." बरे वाटतेय का, हातांना फोड आले का, असे काही नाही. जिच्या शाळेच्या दप्तरापासून नर्सिंगच्या कॉलेजापर्यंत सगळे त्या एका पातेल्यातून निघाले, तिला आता त्या पातेल्याचे नाव घ्यायची लाज वाटत होती. गल्लीतल्या इतर दुकानांनी वेळीच पाट्या बदलल्या होत्या. पुढच्या वर्षी बंदीचा कायदा लागू झाला की बोगिमलाही बदलावी लागणारच होती. पण बदलणे निराळे आणि आधीपासून तशीच होती म्हणणे निराळे.

हॉटेलातली खोली व्याह्यांच्या बाजूने ठरवली होती. कुत्रे आत नेऊ देणारे तेवढे एकच चांगले ठिकाण होते म्हणे. उंबरठ्यापाशी चपला-बूट ओळीने लावलेले होते, शेजारी लहान मुलांची असते तशी एक ढकलगाडी उभी होती. गाडीत मूल नव्हते. आतून आधी होणारा जावई ग्यूहो उठला, मग त्याची आई येरान, काखेत कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे कुत्रे घेऊन. शेवटी त्याचे वडील उठले आणि वाकून नमस्कार करता करता मध्येच थबकले.

बोगिमने त्यांना तत्काळ ओळखले. ऐन उन्हाळ्यात येणारा, मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसणारा, टाय सैल करून वाडगा दोन्ही हातांनी ओठांना लावणारा रेल्वेचा साहेब. "मावशी, लसूण जरा सढळ हाताने," म्हणायचा. कितीतरी वर्षे. नाव तिने कधी विचारले नव्हते. आता ग्यूहोने ओळख करून दिली तेव्हा कळले, प्यो साहेब.

त्यांची मान कानांपर्यंत लाल झाली. "प्रवास नीट झाला ना?" त्यांनी विचारले.

"झाला," बोगिम म्हणाली. म्हणजे असे ठरले तर. ओळख नाही.

जेवण आले. मासा, भाज्या, एवढ्याशा वाट्या, सगळे नजरेसाठी केलेले. येरान पूर्वी औषधांच्या दुकानात बसायची. बोलताना ती अजूनही काउंटरपलीकडच्या माणसाकडे पाहावे तशी पाहत होती. कुत्रे तिने नवऱ्याच्या मांडीवर दिले.

"आमच्या दुबूची तुम्हाला अडचण नाही ना, विहीणबाई? काही लोकांना असते. जुन्या वळणाच्या."

"माझी काय अडचण?"

"तसं नाही. धंद्यातल्या माणसांचं बघणं वेगळं असतं." तिने माशाचा तुकडा काट्यांतून सोडवला. "दासोम म्हणत होती, स्टेशनमागच्या गल्लीत दुकान आहे तुमचं."

"हो."

"त्या गल्लीत पूर्वी सगळी तसलीच दुकानं होती, असं ऐकलंय."

"कसली?"

"तुम्हाला ठाऊक आहे कसली. माझी तर नाव घ्यायला जीभ धजत नाही."

दासोमने घाईघाईने पाण्याचा जग उचलला. "आईचं बकरीचं आहे, काकू. काळ्या बकरीचं. पहिल्यापासून."

"ते तू सांगितलंस, बाळ. मी तुझ्या आईला विचारतेय." येरानने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "आता काय, जो तो बकरीचाच झालाय. पाटी बदलली की झालं. पातेलं थोडंच बदलतं कोणी? ज्या हातांनी हे असं जनावर उकळलं, त्या हातचं माझी नातवंडं उद्या खाणार असतील, तर मला आजच कळलेलं बरं. तसं असेल तर इथंच थांबू. जेवण आमच्याकडून समजा."

"आई," ग्यूहो म्हणाला.

"तू गप्प बस."

सांगावे हिला, बोगिमला वाटले, की सढळ हाताने लसूण कोण मागायचे. एका वाक्याचे काम होते. तिने मान वर केली, पण टेबलाखाली लेकीची बोटे तिच्या गुडघ्यात रुतली होती, लहानपणी इंजेक्शनच्या वेळी रुतायची तशी.

"बकरी," बोगिम म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडात वातड लागला.

"पहिल्यापासून?"

तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"बकरीच आहे," प्यो साहेब म्हणाले. ते कोणाकडेच पाहत नव्हते. हात कुत्र्याच्या पाठीवर फिरत होता. "मी खाल्लंय तिथं. कामासाठी जायचो तेव्हा, दोन-चारदा. चांगलं असतं. तुम्ही उगीच शंका घेऊ नका."

दासोमने सुटकेचा श्वास टाकला आणि तिची बोटे सैल झाली. ग्यूहो हसला. "बघ! आणि बाबा, तुम्ही बोलला नाहीत कधी!"

येरान हसली नाही. "तुम्ही?" ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्हाला बकरीचा वास सोसत नाही."

"तिथं वास नसतो तेवढा."

"माझ्या वडिलांच्या साठीला तुम्ही भरल्या पानावरून उठून गेला होता. वास आला म्हणून. माणसं काय काय बोलली होती मला."

येरान त्यांच्याकडे पाहत राहिली. मग ती पुढे वाकली आणि त्यांच्या मांडीवरचे कुत्रे उचलून तिने आपल्या मांडीवर घेतले. रागाने नव्हे. गरम भांड्यापाशी रांगणारे मूल उचलावे, तसे. प्यो साहेबांचे हात होते तिथेच, गुडघ्यांवर, रिकामे राहिले.

तरुणांच्या हे ध्यानातही आले नाही. ग्यूहो हॉलच्या तारखा सांगू लागला, ऑक्टोबरात एक शनिवार मोकळा आहे म्हणाला. दासोम फोनमध्ये फोटो दाखवू लागली. येरान फोटोंकडे पाहून मान हलवत होती, पण तिला काही दिसत नव्हते, हे बोगिमला दिसत होते.

सगळे जुळले होते. आता जेवून, वाकून, निघायचे तेवढे राहिले होते. बोगिमने उचललेला घास परत वाटीत ठेवला. समोर बसलेला तो माणूस तिच्या लेकीसाठी खोटे बोलला होता आणि घरी गेल्यावर त्याचे काय होणार, हे त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते. वर तिच्या हातच्या रश्श्याला त्याने बकरी म्हटले होते. नवरा गेल्यापासून पहाटे उठून तिने जो उकळला, ज्यासाठी गावातले शिक्षक, पोलीस, ऑपरेशन झालेली माणसे रांग लावायची, तो बकरीचा! दोन्हीपैकी नेमके काय सलले, ते तिला पुढेही कधी नीट सांगता आले नाही.

"विहीणबाई," ती म्हणाली. "बकरी नाही. कुत्र्याचं दुकान आहे माझं. पहिल्यापासून कुत्र्याचं. आजही."

फोटो दाखवणारा हात थांबला.

"आणि हे आमच्याकडे कधी आलेले नाहीत. चेहरा लक्षात राहतो माझ्या. गल्लीत बकरीचंही एक आहे पलीकडे, तिथं गेले असतील. यांचा गोंधळ झाला."

"आई." दासोमचा आवाज अगदी लहान झाला होता. मग तो चढला. "तुला हेच हवं होतं ना? माझं मोडायलाच आली होतीस तू!" ती उठली तशी एक वाटी कलंडली. दार सरकले, बुटांचा खडखडाट झाला. ग्यूहोने एकदा आईकडे पाहिले, एकदा बोगिमकडे, आणि तोही तिच्यामागे धावला.

तिघेजण उरले. सांडलेले लोणच्याचे पाणी टेबलावरून पसरत होते. बोगिमने ते सवयीने फडक्याने टिपले.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही," येरान म्हणाली.

"कुठलं?"

"दुसरं."

प्यो साहेबांनी डोळे मिटले.

"दर उन्हाळ्यात यायचे?" येरानने विचारले. बोगिम टेबल पुसत राहिली. "मी यांच्यासाठी घरी बर्फातल्या शेवया करून ठेवायचे. काकडी बारीक चिरून. हे यायचे आणि म्हणायचे, उन्हानं भूकच मेली. मी तशाच टाकून द्यायचे."

"येरान," प्यो साहेब म्हणाले.

"तुम्ही बिल द्या."

ते उठून गेले. बाहेर गाडीपाशी दासोम रडत ओरडत होती, आणि ग्यूहोचा समजावणीचा आवाज मधून मधून येत होता. तो तिथेच होता, गेला नव्हता.

"मी होकार दिलेला नाही," येरान म्हणाली.

"मी मागितलेला नाही."

"तुमच्या हातचं मी कधीही खाणार नाही."

"वाढणार कोण आहे?"

दोघी उठून उंबरठ्यापाशी आल्या. येरानच्या बुटांना बारीक बकलांचे पट्टे होते, आणि एका हाताने ते लागत नव्हते. बिल देऊन आलेले प्यो साहेब समोरच उभे होते. त्यांनी कुत्र्यासाठी दोन्ही हात पुढे केले. येरानने ते हात पाहिले. मग ती वळली आणि तिने कुत्रे बोगिमपुढे धरले.

"जरा धरा."

बोगिमने घेतले. तिच्याकडे माल नेहमी कापूनच यायचा. जिवंत कुत्रे तिने आयुष्यात उचललेले नव्हते. ते वाटले त्याहून हलके होते आणि लोकरीखाली त्याचे काळीज केवढे तरी धडधडत होते. ते निसटू पाहू लागले, तशी ती गांगरली. हात कुठे धरावे कळेना.

"एक हात पोटाखाली," येरान बकलावरून मान न उचलता म्हणाली.

बोगिमने हात पोटाखाली घातला. "असा?"

"जरा पुढे. हं. असा."