नखाएवढा तुकडा

नखाएवढा तुकडा मोडून तिने लेकीच्या जिभेवर ठेवला आणि तिच्या भुवयांकडे बघत राहिली. भुवया आकसल्या तर आंबट, नाक मुरडलं तर कडू, काहीच हललं नाही तर ठीक. पाच वर्षांच्या पोरीचा चेहरा तिला आता पाठ झाला होता.

"छान आहे," लेक म्हणाली आणि आईकडे बघून हसली.

आईलाही हसू आलं. वहीत त्या घाण्यापुढे तिने 'योग्य' असं लिहिलं, लेकीला शाळेच्या गाडीत बसवलं आणि हात धुऊन आत गेली.

आत म्हणजे सालींच्या कारखान्यात. रसवाल्यांकडून आणि भाजीबाजारातून पोत्यांनी येणाऱ्या साली, देठं, चोथा इथे निवडायचा, उकळायचा, वाटायचा. मग तो लगदा साच्यात दाबून त्याच्या वाट्या वाळवायच्या. आतलं खाऊन झालं की वाटीही खाऊन टाकायची, नको असेल तर कुंडीत पुरायची. प्रत्येक घाण्याची चव बघणं हे तिचं काम. तिच्याकडे अन्नशास्त्राची पदवी होती, पण कारखाना मानायचा तो तिच्या जिभेला. गाजराच्या सालींत एक सडका बटाटा गेला तरी तिला कळायचं. सगळे तिला 'जीभ'च म्हणत. जीभ सुटीवर गेली की आमची वाचा बसते, असं भट्टीवाले काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

गेल्या हिवाळ्यात ताप आला आणि जाताना तिची चव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. ती वाट बघत राहिली आणि कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. घरात कमावणारी ती एकटीच. शेवटी एका सकाळी तिने पहिला तुकडा लेकीला दिला. साली नीट धुतल्या असतील ना, फवारणीचं औषध राहिलं नसेल ना, हे मनात रोजचंच. शाळा सुटेपर्यंत फोन आला नाही, की मग कुठे तिच्या घशाखाली घास उतरायचा.

दोन दिवसांनी कारखाना चालवणाऱ्या मॅडमनी तिला बोलावलं. टेबलावर परत आलेल्या वाट्यांचं खोकं होतं, संत्र्याच्या सालीच्या वाट्यांचं. इस्पितळातल्या आजारी मुलांनी त्या तोंडात घालताच थुंकल्या होत्या. बाजूला काका मान खाली घालून उभे होते. संत्र्याच्या साली तीन पाण्यांत उकळायच्या आणि तिन्ही वेळचं पाणी फेकायचं, तेव्हा कुठे कडवटपणा जातो. त्या दिवशी मोटार बंद होती, म्हणून काकांनी एकाच पाण्यावर भागवलं होतं.

"चुकलंच माझं," काका म्हणाले. "पण म्हटलं, कडू राहिलं तर जीभ काय सोडतेय? ती आहे ना."

मॅडमनी एक वाटी मोडून तुकडा तिच्यापुढे धरला. "आता खा आणि सांग."

ती चावत राहिली. ओला पुठ्ठा. ती रोज लेकीकडे बघायची तसे काका तिच्या तोंडाकडे बघत होते. तोंड वाकडं करायचं आणि म्हणायचं, माझ्याकडे आलेला तुकडा चांगला होता. एवढं सोपं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही.

"मला कळत नाही, मॅडम," ती म्हणाली. "हिवाळ्यापासून काहीच कळत नाही."

"मग इतके महिने चाखत कोण होतं?"

तिने हातातली वही टेबलावर ठेवली. मॅडमनी पुन्हा विचारलं, मग वही आपल्याकडे ओढून घेतली आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाल्या. आवाज चढवला नाही. काका फाटकापर्यंत तिची पिशवी घेऊन आले.

घरी तिने लेकीला जवळ घेतलं. "परवाचा तुकडा कडू होता का गं?"

"खूप."

"मग छान का म्हणालीस?"

"छान म्हटलं की तू हसतेस."

तिने ताट वाढलं. लेकीने पहिला घास तोंडात घातला आणि आईच्या चेहऱ्याकडे बघितलं, भुवया अगदी स्थिर ठेवून.

आई उठली. पाणी भरायचं निमित्त करून नळाकडे वळली. भांडं भरून वाहायला लागलं, तिने नळ बंद केला आणि लेकीचं जेवण होईपर्यंत तशीच पाठमोरी उभी राहिली.