कॉर्मकच्या बासरीचं गिऱ्हाईक

आधी आलेली दोन गिऱ्हाइकं कॉर्मकनं दारातूनच परतवली होती. एकाच्या फुंकीत जोर नव्हता म्हणे, आणि दुसऱ्याला बासरी भिंतीवर टांगायची होती. आज बॅलिमोट गावची ऊना आली होती. त्याच्या बायकोला, डिम्पनाला, आता एवढंच हवं होतं, की ही बासरी एकदाची घराबाहेर जावी.

कॉर्मकची फुप्फुसं कामातून गेली होती. बासरी फुंकायची नाही, असं डॉक्टरनं बजावलं की हा शहाण्यासारखी मान डोलवायचा, आणि डिम्पना कोंबड्यांना दाणे टाकायला गेली की बासरीची पेटी उघडायचा. मग खोकला, निळे पडलेले ओठ, आणि पुन्हा स्लायगोचं हॉस्पिटल. बासरी आणि नवरा यांतलं एकच काय ते घरात टिकणार होतं, आणि तिला तशी नवऱ्याचीच जास्त सवय होती.

ऊनानं पेटीतले लाकडी तुकडे एकमेकांत बसवून बासरी जोडली आणि ओठाला लावली. खालचे सूर आलेच नाहीत, नुसती फुसफुस.

"बघ, गळते," कॉर्मक खुर्चीतून म्हणाला. त्याचा चेहरा असा काही खुलला, की डिम्पनाच्या मनात त्याला हातातलं फडकं फेकून मारायचं आलं. "दीडशे वर्षांचं लाकूड आहे पोरी. पैसे पाण्यात घालू नकोस."

"माझा भाऊ तर म्हणाला, तुमची बासरी गर्जते."

"गर्जायची."

ऊना हिरमुसून तुकडे सोडवायला लागली. डिम्पना गुडघ्यांवर हात टेकत उठली. तिनं कपाटातून काळ्या बिअरची बाटली काढली, बासरी मागून घेतली आणि सिंकवर धरून तिच्या पोटात बिअर ओतली. दर मैफलीआधी तो हेच तर करायचा. ओल मिळाली की वाळलेलं लाकूड फुगतं, फटी मिटतात.

"अगं बाई, माझे आजोबाही असंच करायचे!" ऊना हसली.

"फितूर झालीस, डिम्पना," कॉर्मक म्हणाला.

"झाले. दमले रे मी."

निथळलेली बासरी ऊनानं पुन्हा फुंकली. या खेपेला सूर असा भरून आला, की फळीवरच्या बश्या किणकिणल्या. कॉर्मकनं डोळे मिटले. मांडीवरच्या घोंगडीवर त्याची बोटं हलायला लागली. मध्येच ऊनानं दम घेतला, तसा तो खेकसला, "तिथं नको! तिथं सगळेच घेतात. पुढच्या वळणावर एक सूर सोडून दे, आणि तिथं घे."

तिनं तसं केलं. त्या जागी त्यानंही तिच्याबरोबर श्वास घेतला, छातीत होता तेवढाच. खोकला आला नाही.

"ने," तो शेवटी म्हणाला. "पण रविवारी घेऊन येत जा. अजून पुष्कळ जागा दाखवायच्यात."

"म्हणजे पुन्हा आहेच का ती घरात?" डिम्पना म्हणाली.

"फुंकणार ही पोर. मी नुसत्या शिव्या देणार."

"शिव्यांनाही दम लागतो."

"तेवढा आहे."

पेटी डिम्पनानं स्वतःच उचलून ऊनाच्या गाडीत ठेवली. गाडी वळणापलीकडे जाईस्तोवर ती दार अडवून उभी राहिली. न जाणो, हा हाक मारायचा.