बत्तीसवर थांबलेली मोजणी

यंत्र कधी दगा देत नाही. दगा देतो तो माणूस. हे तत्त्व भोरच्या फुरकानने आपल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं होतं, आणि ऐकवता ऐकवता दुकानाचा यूपीएस दोनदा बंद पडला होता.

२००४ साली वेल्ह्यातल्या गुंजवण्याकडच्या एका शाळेला पुण्याच्या कुठल्याशा कंपनीने चार जुने कॉम्प्युटर दान दिले. विंडोज घेणं शाळेला झेपणारं नव्हतं, म्हणून फुरकानने फुकटचं लिनक्स सुचवलं. पण त्याची एक शिस्त होती. आधी मशीन उघडायचं, मग लिनक्सच्या सीडीला हात लावायचा. चारही मशिनं त्याने दुकानात आणली, ब्रशने धूळ झटकली, हार्ड डिस्क तपासल्या, रॅम पाहिली आणि मुख्याध्यापक आनंदरावांना सहीनिशी लिहून दिलं: ‘प्रत्येकी १२८ एमबी रॅम. लिनक्स चालेल.’ निकाहनाम्यानंतर इतकी विचारपूर्वक सही त्याने हीच केली.

मशिनं शाळेत पोचवली कुंडलिकने. कुंडलिक म्हणजे आयटीआयपासूनचा दोस्त आणि दुकानातला निम्मा भागीदार. फुरकानची बायको अंजुम त्याला भावजी म्हणायची आणि ईदचा शीरखुर्मा नवऱ्याआधी त्याला वाढायची.

शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीच्या उद्घाटनाला सरपंच गेनबा, हार, नारळ सगळे वेळेवर हजर. फुरकानने पहिलं मशीन सुरू केलं. काळ्या पडद्यावर रॅमचे आकडे पळत सुटले आणि बत्तीसवर थांबले. दुसरं, बत्तीस. तिसरं, बत्तीस. चौथ्याचं बटण त्याने बिस्मिल्ला म्हणून दाबलं. बत्तीस. एवढ्या रॅमवर लिनक्स चढणं शक्यच नव्हतं.

“फुरकानभाई, तुम्ही तर एकशेअठ्ठावीस लिहून दिलंय,” आनंदरावांनी कागद पुढे धरला.

“मग बाकीची काय टेम्पोत सांडली व्हय?” गेनबा म्हणाले.

फुरकानने झाकण काढलं. रॅमच्या पट्टीवर लाल ठिपका होता, अंजुमच्या नेलपॉलिशचा. दुकानाच्या स्वतःच्या मालावर, आणि फक्त त्याच मालावर, फुरकान तो ठिपका लावायचा. गिऱ्हाइकाने अदलाबदल केली तर कळावं म्हणून. भागीदाराचा विचार त्याने केला नव्हता. दुकानाच्या किल्ल्या दोनच होत्या.

कुंडलिक बाहेर टेम्पोला टेकून बडीशेप चघळत होता.

“आपल्या पट्ट्या हितं कशा आल्या?”

“आरं, तूच म्हणतोस ना, लिनक्स गरिबाघरचं हाय, थोडक्यात भागवतं?”

“एवढ्या थोडक्यात न्हाई! ह्यांच्या पट्ट्या कुठं हाईत?”

“नसरापूरला. मेव्हण्याच्या सायबर कॅफेत. पोरांची गेम लई अडकत होती.”

“मला विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर तू नको म्हणला असतास,” कुंडलिक शांतपणे म्हणाला. “म्हणून तर न्हाई विचारलं.”

यात न पटण्यासारखं काही नव्हतं, हेच फुरकानला सगळ्यात जास्त लागलं.

तो आत गेला. कुंडलिकचं नाव घ्यावं, तर बारा वर्षांच्या दोस्तीचा पंचनामा भर सभेत. न घ्यावं, तर ठिपका त्याच्याच दुकानाचा. “चूक आमच्या दुकानाची,” तो म्हणाला. “आठ दिवस द्या.”

“तुमी घ्या आठ दिवस, नारळ न्हाई थांबायचा,” म्हणत गेनबांनी काळ्या पडद्यासमोर नारळ फोडला. टाळ्या झाल्या. लोकांच्या मते कार्यक्रम छान झाला.

दुसऱ्या दिवशी नसरापूरला जाऊन, खेळणाऱ्या पोरांना उठवून फुरकानने चारही पट्ट्या स्वतःच्या हाताने काढल्या. परतताना कुंडलिककडून दुकानाची किल्ली मागून घेतली. कुंडलिकने ती हसत दिली. त्याला ही गंमत वाटली.

“भावजी येणार का जेवायला?” घरी अंजुमने विचारलं.

“एक ताट कमी कर.”

“आज?”

“रोजच.”

आठव्या दिवशी चारही मशिनांवर लिनक्स चढलं. आनंदरावांनी जुन्या कागदावर ‘खात्री केली’ असं लिहून शिक्का मारला. फुरकानचा शब्द खरा ठरला. मग शिकवणार कोण, असा प्रश्न निघाला. शाळेला संगणक शिक्षकाचं पद मंजूर नव्हतं. आनंदरावांनी खोलीला कुलूप घातलं. ते ऑक्टोबरात उघडलं. विधानसभेच्या मतदानासाठी खोली रिकामी करून हवी होती.