पिवळ्या पुडक्याचा गुन्हा

त्या आवारात सकाळचा उजेड नेहमीच उशिरा उतरत असे. आधी तो समोरच्या इमारतीच्या माथ्यावर, पाण्याच्या पोलादी टाक्यांना लागे आणि तिथे बराच वेळ, जणू पुढे जावे की नाही या विचारात, थबकून राही. मग भिंतीला चिकटलेल्या वातानुकूलन यंत्रांच्या गंजक्या पेट्यांवरून एकेक मजला तो खाली येई; कुणाच्या खिडकीतल्या ओल्या टॉवेलावर, कुंडीतल्या कांद्याच्या पातीवर क्षणभर रेंगाळे. शेवटी रांगेने लावलेल्या स्कूटरींच्या आरशांत तो पन्नास ठिकाणी फुटे, आणि सिमेंटच्या जमिनीवर पोहोचेपर्यंत अगदी साधा, पिवळट, कामावर जाणाऱ्या माणसासारखा होऊन जाई. यान-चुनला तो उजेड आवडे. तो काही विचारत नसे.

त्या दिवशी मात्र जमिनीवर उजेडाला जागाच नव्हती. चांद्रमासाची दुसरी तिथी होती. ताओयुआन शहराच्या त्या औद्योगिक वसाहतीतला प्रत्येक कारखाना त्या दिवशी दारात टेबल मांडून देवांना आणि वाटसरू भुतांना नैवेद्य दाखवी. पण काओ शेठच्या कारखान्यापुढे तीन कारखान्यांचे लोक लोटले होते. टेबलावर अननस, बिस्किटे, भाताचे मोदकासारखे गोळे, आणि त्यांच्यामागे पिवळ्या झग्यातले चुआंग महाराज. त्यांच्या एका हातात चिमटा होता, दुसऱ्या हातात गॅसची शेगडी पेटवायची बंदूक.

"हा बोर्ड तुमच्याच धंद्यातला," महाराज म्हणाले. पांढऱ्या कागदातून त्यांनी यंत्रांच्या पोटात बसवतात तशी एक कोरी हिरवी पाटी काढली. "अशुद्ध. मंत्र नाही, संस्कार नाही. बघा याची गत."

ज्वाला लागली. महाराजांनी बंदूक बाजूला केली तरी पाटी जळतच राहिली, काळा धूर ओकत, थेट चिमट्यापर्यंत. त्यांनी ती लोखंडी पिंपात टाकली आणि लाल फडक्यातून दुसरी पाटी काढली. दिसायला हुबेहूब तशीच.

"आणि हा मंत्रसिद्ध." पुन्हा ज्वाला. मग बंदूक दूर, डोळे मिटलेले, आवाज घशाच्या तळातून: "पाच वज्रांची आज्ञा, अग्नीने मागे सरावे, त्वरित, त्वरित, हुकुमाप्रमाणे."

'हुकुमाप्रमाणे' म्हणेपर्यंत ज्वाला विझली होती.

गर्दीतून एक लांब सुस्कारा गेला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी हात जोडले. महाराजांनी विझलेल्या पाटीचे पक्कडीने तुकडे केले आणि प्रसादासारखे वाटले. यंत्रांच्या कपाटांवर चिकटवा म्हणाले. मग काओ शेठकडे वळून त्यांनी निकाल दिला. "आग तुमच्या मालात नव्हती, शेठ. आग त्या बाईच्या हातात होती."

ती बाई म्हणजे यान-चुनची थोरली बहीण, पी-श्या.

वीस दिवसांपूर्वी, भर दुपारी, चाचणीच्या खोलीत तिच्या रॅकवरचा एक बोर्ड पेटला होता. काओ शेठच्या कारखान्यात पत्त्याच्या पानाएवढे संगणक येत. त्यांना पाठीवर घेऊन वीज पुरवणारा, बाकीच्या यंत्राशी त्यांची गाठ घालून देणारा मोठा बोर्ड तिथे तयार होई. कॅरिअर बोर्ड म्हणत त्याला. यान-चुन ते आखत असे आणि पी-श्या ते तापवून तपासत असे. आग विझवताना तिच्या उजव्या हाताची दोन बोटे एकमेकांना कायमची चिकटली.

पण लोकांना आठवत होते ते पुडके. ताओयुआन ज्या बेटावर आहे तिथे कुठलेही यंत्र असो, रुग्णालयातले किंवा बँकेतले, त्याच्या डोक्यावर कुरकुरीत खाऊचे एक हिरवे पुडके ठेवतात. खाऊच्या नावाचाच अर्थ 'शहाण्यासारखे वाग'. पुडके हिरवेच हवे, कारण हिरवा दिवा म्हणजे सगळे सुरळीत. त्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात हिरवे संपले होते, आणि पी-श्याने पिवळे ठेवले होते.

"पिवळं ठेवलंच कशाला मी," ती घरी रोज म्हणे. तांदळाची पेज डाव्या हाताने ढवळत म्हणे. "पुढच्या गल्लीत गेले असते तर मिळालं असतं."

"ताई, पुडक्यानं आग लागत नाही."

"मग कशानं लागली?"

हा प्रश्न आला की यान-चुनला नेहमी काहीतरी काम आठवे.

महाराजांनी उपाय सांगितला होता. सोळाव्या तिथीला पी-श्याने सर्वांसमोर उदबत्ती धरून दोष कबूल करावा. मग देव क्षमा करील, आणि शेठ तिला माल बांधणीच्या खात्यात कामावर परत घेतील. ती तयार होती. तेच यान-चुनला सहन होत नव्हते. त्याच्या बहिणीने, जिने आई गेल्यावर त्याला हाताला धरून शाळेत नेले होते, त्याच हाताने एका खाऊच्या पुडक्याबद्दल माफी मागायची होती.

तो बुजरा होता. बैठकीत त्याचे म्हणणे शेजारचा माणूस सांगे. पण त्या चौदा दिवसांत त्याच्या आत एक थंड, कडक गोष्ट वाढत गेली. आपल्याला न्याय नको आहे, हे त्याला कळत होते. त्याला महाराजांची फजिती हवी होती. तीही त्याच टेबलापाशी, त्याच लोकांपुढे. जेवताना, बसमध्ये, पावसाळी खिडकीशी बसून तो ती फजिती पुन्हा पुन्हा रंगवी. आपल्या स्वभावात इतके विष असेल असे त्याला वाटले नव्हते, आणि त्या विषाची चव त्याला आवडू लागली होती.

प्रसादाचा तुकडा त्याने घेतला होता. पिंपातून अर्धवट जळालेली पाटीही त्याने उचलली होती. पात्याने दोन्हींवरचा हिरवा लेप खरवडायला त्याला पाच मिनिटे लागली.

सोळाव्या तिथीला सकाळी टेबल मांडायला मदतनीस हवे होते. यान-चुन न बोलावता गेला. महाराज आत शेठबरोबर चहा घेत होते आणि त्यांची लाकडी पेटी अननसाशेजारी उघडीच होती. लाल फडक्यातली पाटी पांढऱ्या कागदात, पांढऱ्या कागदातली लाल फडक्यात.

गर्दी मागच्यापेक्षा मोठी होती. पी-श्या कडेला उभी होती, उदबत्ती डाव्या हातात.

"प्रथम अशुद्ध," महाराज म्हणाले. पांढरा कागद उलगडला. ज्वाला लागली, बंदूक बाजूला झाली, आणि तीन सेकंदांत पाटी विझली. मंत्राला वेळच मिळाला नाही.

महाराजांनी घसा साफ केला. "देव आज प्रसन्न आहे. अशुद्धालाही त्यानं पदरात घेतलं."

"मग काय, आज पापी लोकांची चंगळ," दारावरचे पहारेकरी त्साय काका म्हणाले. काही लोक हसले.

महाराजांनी घाईने लाल फडके सोडले. ज्वाला. "पाच वज्रांची आज्ञा, अग्नीने मागे सरावे, त्वरित, त्वरित," आणि अग्नी पुढे सरला. महाराजांनी 'त्वरित' आणखी सहा वेळा म्हटले. चिमटा तापला, झग्याची बाही करपली, आणि मंत्रसिद्ध पाटी शेवटी बिस्किटांच्या ताटात जाऊन पडली. त्साय काकांनी तिच्यावर चहा ओतला.

"सावली," महाराज म्हणाले. त्यांचे बोट पी-श्याकडे वळले. "या बाईची सावली पडली टेबलावर."

पी-श्याने मान खाली घातली आणि ती खरोखर दोन पावले मागे सरकली.

"सावली नाही," यान-चुन म्हणाला. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "पाट्या मी बदलल्या. सकाळी. लाल फडक्यात यांचीच अशुद्ध पाटी होती."

"अपवित्र हात लावलास तू मंत्रसिद्ध वस्तूला."

"अपवित्र हात लावला तरी ती विझलीच की, महाराज." त्याने विझलेली पाटी चिमट्यात धरली. "काका, इकडे या. बंदूक धरा. दहा सेकंद लावायची, मग काढायची. आणि काहीतरी म्हणा."

"मला मंत्र कुठला येतोय?"

"बसचं वेळापत्रक येतं ना?"

त्साय काकांनी बंदूक धरली, काढली, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सहा दहा, सहा चाळीस, सात पाच, सात..." ज्वाला विझली. "सात पंचवीसची गाडी चुकली बघा हिची," ते म्हणाले, आणि आता आवारभर हशा पिकला.

"आपले बोर्ड ज्यांवर बनतात त्या या पाट्या काचेच्या कापडाच्या आणि राळेच्या असतात," यान-चुन म्हणाला. तो महाराजांकडेच पाहत होता. ही घटका त्याने चौदा दिवस चघळली होती. "एका जातीच्या राळेत ब्रोमीन मिसळतात. ती तापली की तिच्यातून अशी वाफ निघते की ज्वालेचाच गळा आवळला जातो. दुसऱ्या जातीत ते नसतं. ती जळत राहते. वरचा लेप सारखाच, म्हणून ओळखू येत नाही. पण खाली अक्षरं छापलेली असतात."

"लाल अक्षरं काय, कुठल्याही पाटीवर सापडतील," महाराज फणकारले.

त्साय काकांनी डोके खाजवले. "लाल? त्यानं अजून खरवडलं कुठंय? तुम्हाला रंग कुणी सांगितला, देवानं?"

यान-चुनने पाते काढले. विझणाऱ्या पाटीच्या लेपाखाली लाल अक्षरे निघाली. जळालेल्या पाटीच्या धरलेल्या कोपऱ्यावर निळी. दोन्ही त्याने समोरच्या रांगेत फिरवायला दिल्या.

"कुठल्या कारखान्यात कापत होतात या पाट्या?" त्याने विचारले.

"चुंगलीला," महाराज हळू म्हणाले. "बारा वर्षं. करवतीवर." आणि पेटी उचलायला वाकले. कुणी त्यांना वाट दिली नाही. पिवळा झगा सावरत, लोकांच्या कोपरांमधून, टोमणे खात त्यांना जावे लागले. यान-चुनने ते शेवटपर्यंत पाहिले. त्याला जे हवे होते ते सगळे त्याला मिळाले.

मग तो लोकांकडे वळला. इतके सलग तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. "पुडकं ठेवायचं तर ठेवा, खाऊ चांगला आहे. पण रंग विचारायचाच असेल तर पाटीचा विचारा. विझते कशी, हे स्वतः जाळून बघा. कुणी तपासली, कधी तपासली, कागद कुठाय, हे विचारा. माणूस झग्यातला असो, शर्टातला असो, उत्तर मिळेपर्यंत त्याला सोडू नका."

माना हलल्या. कुणीतरी पी-श्याच्या हातातली उदबत्ती काढून घेतली. ती टेबलापाशी आली. तिने निळ्या अक्षरांचा तुकडा चिकटलेल्या बोटांवर ठेवून उजेडात धरला.

"माझ्या रॅकवरचा कुठला होता, आ-चुन?" तिने भावाला घरच्या हाकेने विचारले.

"निळ्या अक्षरांचा."

"तुला कधीपासून माहीत?"

"आग लागली त्या संध्याकाळपासून."

"आपल्याकडे तर लालच यायचे." ती शांतपणे विचारत होती, आत्ताच शिकवल्याप्रमाणे. "निळा आत कुणी घेतला?"

सगळे काओ शेठकडे पाहू लागले. यान-चुननेही पाहिले. चौतीस दिवस तो मनाशी शेठचेच नाव घेत आला होता. माल स्वस्तात हवा होता तो शेठला. कागद आणला होता तो खरेदीखात्याने. आणि नववर्षाच्या आधीच्या त्या आठवड्यात जो तो समोर येईल त्यावर शिक्का उठवत होता. हे सगळे खरे होते.

"माझ्याकडे लेखी आलं होतं," काओ शेठ जमिनीकडे बघत म्हणाले. "दोन्ही पाट्या समतुल्य आहेत म्हणून. बोर्ड आखणाऱ्याकडून."

पी-श्याने भावाकडे पाहिले. ती थांबली होती. उत्तर मिळेपर्यंत ती सोडणार नव्हती.

मंजुरीचा शिक्का यान-चुनचा होता, आणि शिक्का मारण्यापूर्वी त्याने ती पाटी जाळून पाहिली नव्हती.