बाणूबाईचा अंगठा

लिंगाप्पा आळंदच्या एका बँकेत कॅशिअर होता. पंच्याऐंशी सालच्या दिवाळीआधी गुलबर्ग्याच्या आयकर कार्यालयातून त्याला पत्र आलं. विवरणपत्रात घरभाड्याची सूट मागितली आहे, तिच्या पावत्या घेऊन हजर व्हा; घरमालकालाही सोबत आणा. 

घरमालक म्हणजे बाणूबाई, त्याची आत्या. आई गेल्यावर तिनंच त्याला सांभाळलं, मेंढरं विकून कॉलेज शिकवलं. तिच्याच दोन खोल्यांत तो राहायचा. भाडं म्हणून तिनं कधी एक पैसा घेतला नव्हता.

फॉर्म भरताना शेजारच्या टेबलावरचा शिवशंकरप्पा म्हणाला होता, "विम्याचा हप्ता, फंड तर सगळेच दाखवतेत. भाडेपावत्या बी जोड की अण्णा. कोण बघायलंय?" लिंगाप्पानं एका बैठकीत बारा पावत्या लिहिल्या, वर महसुली तिकिटं चिकटवली आणि आत्याचे अंगठे घेतले. कशाचे, ते तिनं विचारलंही नाही.

पत्र दाखवल्यावर शिवशंकरप्पा एवढंच बोलला, "माझं नाव तेवढं काढू नको बाबा."

 दिलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे, असं फॉर्मच्या शेवटी छापलं होतं आणि खाली लिंगाप्पाची सही होती. खोट्या माहितीला कैद होते, हे त्यानं बँकेतल्या कायद्याच्या जुन्या पुस्तकात शोधून वाचलं. मग बँकेसमोर कुणाची जीप थांबली, तरी नोटा मोजताना त्याची गणती चुकायची. नोकरी जाईल ते जाईल; पण पावत्यांवर अंगठा आत्याचा होता.

शेवटी त्यानं तिला सगळं सांगितलं.

"एवढंच व्हय?" बाणूबाई म्हणाली. "कामून भ्यायलास? भाडं घेते म्हून म्या सांगते की."

ठरल्या दिवशी दोघं गुलबर्ग्याच्या एस.टी.त बसले. वाटभर ती पुटपुटत होती, "दीडशे रुपये. म्हैन्याच्या म्हैन्याला. हातात देतो." मधेच थांबून तिनं विचारलं, "लिंगा, ह्यो तुझा कोण म्हून इचारलं तर? भाचा म्हणू का भाडेकरू?"

लिंगाप्पानं तिच्याकडं पाहिलं. तिची बोटं पदराचं टोक सारखी पिळत होती. ती भीत नाही, असं त्याला इतके दिवस वाटलं होतं.

कार्यालयात साहेबानं पावत्या एकेक करून उलटल्या. बाराही पावत्यांची शाई एकच होती. त्यानं वर पाहून कन्नडमध्ये विचारलं, "अम्मा, हे भाडं तुम्ही घेता?"

बाणूबाईनं तोंड उघडलं.

"न्हाई साहेब," लिंगाप्पा मधेच बोलला.  "ही माझी आत्या. भाडं कधी दिलं न्हाई. पावत्या म्या लिहिल्या. तिला वाचता येत न्हाई, तिला काही ठाऊक नव्हतं."

  मग साहेबानं कोरा कागद पुढं सरकवला. "हेच लिहून द्या. सूट रद्द. कर व्याजासकट भरावा लागेल. पुढं काय करायचं, ते वरून ठरेल. कळवू."

बाहेर आल्यावर बाणूबाई भडकली. "म्या सांगायलते की! गप बसाया काय झालतं तुला?"

"तुला नेलं असतं तर?" तो म्हणाला. तिनं पदर सावरला आणि स्टँडची वाट धरली.

पुढचे चार महिने लिंगाप्पा रोज टपाल यायच्या वेळेला काउंटरवरून उठून दाराशी जायचा. फाल्गुनात कागद आला. दंड होता. खटल्याचा शब्द त्यात कुठं नव्हता. त्यानं दोनदा वाचला, मग नीट दिसेना म्हणून चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. दंडासाठी त्यानं आपली सायकल विकली. आत्याचं नाव त्या कागदात कुठंही नव्हतं.