साडेपंधरा इंच जागा

मित्रांनो, तुम्ही रोज ज्यांच्यावर बसता आणि उठताना ज्यांच्याकडे पाहतही नाही, त्यांपैकी मी एक. मी एक जुनी सतरंजीची पट्टी आहे. लांबी तीस फूट, रुंदी दीड फूट. बारा वर्षांपूर्वी मला बारामतीच्या दुकानातून लासुर्ण्याजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत आणलं. तेव्हा माझे पट्टे निळे होते. वर्षातून दोनदा कालव्याच्या फाट्यावर धुऊन धुऊन ते राखाडी झाले.

माझ्यावर तिसरी-चौथीची अठरा मुलं बसतात. प्रत्येकाला बरोबर वीस इंच जागा येते, म्हणजे ऐसपैस मांडी घालता येते. सकाळी मुलं माझ्यावर उभी राहून संविधानाची उद्देशिका म्हणतात. ‘समानता’ हा शब्द लखन सगळ्यात मोठ्यानं म्हणतो. तेव्हा माझा ऊर भरून यायचा.

दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली आणि शिवारात ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहिल्या. तिथली पाच मुलं शाळेत आली. त्यांत छकुली होती. ती माझ्या टोकाशी येऊन उभी राहिली.

“हितं जागा न्हाय,” लखन म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानं पाहिलं, जागा दिसली नाही, म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती पाचही मुलं खताच्या रिकाम्या गोण्या घेऊन आली आणि फरशीवर अंथरून बसली. त्यांना कोणी हाकललं नव्हतं, आणि कोणी बोलावलंही नव्हतं. मला हाक मारता आली असती तर मी मारली असती. पण मी कापूस आणि सूत. पडून राहिले.

माधवीबाई दोन दिवस पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर गणित लिहिलं. पट्टी तीनशे साठ इंच, मुलं तेवीस. प्रत्येकाला किती?

छकुलीनं गोणीवरूनच बोट वर केलं. “पंधरा, बाई. अन् पंधरा इंच उरत्यात.”

“मंग उरलेल्या पंधरा इंचात बाईंनी बसावं!” लखन म्हणाला आणि वर्ग हसला.

बाईही हसल्या. “मी नाही रे मावायची. उरलेलं तेवीस जणांत वाटलं की प्रत्येकाला साधारण साडेपंधरा इंच. बसता येतं का, करून बघू.”

मुलं सरकली. एकाचा गुडघा दुसऱ्याच्या गुडघ्यावर चढला. थोडी ढकलाढकली झाली.

“आरं, कोपर मार की जरा कमी!” छकुली लखनला म्हणाली.

“तूच आत घे की पाय!”

शेवटी तेवीसच्या तेवीस बसली. गोण्या कोपऱ्यात गेल्या. मित्रांनो, माझ्या बारा वर्षांतले ते आठ दिवस सर्वांत चांगले.

नवव्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष दादासो आले. मनानं चांगला माणूस. वर्गाकडे पाहून ते हळहळले.

“बाई, पोरं खुराड्यातल्या कोंबड्यांवानी बसल्यात की! बरं दिसत न्हाय.”

दोन दिवसांनी त्यांनी एक नवी लाल पट्टी आणली. माझ्यापेक्षा जाड, मऊ. तिच्या काठावर पांढऱ्या रंगात अक्षरं होती : ‘ऊसतोड विद्यार्थ्यांसाठी सप्रेम भेट’.

“दादासो, जुन्या पट्टीच्या टोकाला ही जोडून शिवली तर?” बाईंनी विचारलं.

“छ्या! नव्याला जुनं कशाला जोडायचं? पोरांस्नी खास आणलीय. या रं, बसा. फोटू काढू.”

छकुली जागची उठली नाही. “आमी हितंच बसलो तर न्हाय का चालणार?”

“अगं, ही मऊ हाय, खुळे!” दादासो हसले.

बाईंनी वाकून लाल पट्टीची चुणी सरळ केली. गळक्या छपराच्या दुरुस्तीचा अर्ज दादासोंकडेच होता. छकुली उठली. फोटोत सगळे हसत होते. आम्हा दोन पट्ट्यांमध्ये एका फरशीचं अंतर होतं. ती दोन फुटांची फरशी मला ओलांडता येत नव्हती. माझ्यावरची मुलं हळूहळू पुन्हा वीस इंचांवर पसरली. सकाळी उद्देशिका म्हणणं सुरूच राहिलं. लखन ‘समानता’ म्हणताना मात्र लाल पट्टीकडे पाहायचा आणि त्याचा आवाज खाली यायचा.

मार्चमध्ये हंगाम संपला. दारात ट्रॅक्टर उभा असताना छकुली दप्तर घ्यायला आली.

“पुढच्या साली सरकशील का?” तिनं लखनला विचारलं.

लखन माझ्या काठाचा धागा ओढत बसला. “तू ये त पयली,” एवढंच म्हणाला.

लाल पट्टी गुंडाळून कपाटात गेली. ती मऊ आहे आणि तिचा काही दोष नाही. दोष कुणाचा, हे मला अजूनही नीट मांडता येत नाही. मी उसवत चालले आहे. पुढच्या हंगामापर्यंत टिकेन की नाही, ठाऊक नाही.

मित्रांनो, मला लांब होता येत नाही आणि कुणाला बोलावताही येत नाही. तुम्हाला येतं. पुढच्या वेळी दारात कुणी गोणी घेऊन उभं राहिलं, तर वेगळी पट्टी शोधायला जाऊ नका. आधी जरा सरका. गणित फळ्यावर सुटलेलं आहे. साडेपंधरा इंचांत माणूस बसतं.