कोपऱ्यातलं ‘नको’

शंभरातले अठ्ठ्याऐंशी ‘हो’ म्हणाले! कोप्पीकर रोडवरच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात सोमवारी दुपारी नुसता जल्लोष उडाला. राघवेंद्र सरांनी पेढ्यांचा पुडा फोडला आणि पहिला पेढा रेखाच्या हातावर ठेवला. "रेखा, गेद्वी! जिंकलो आपण! आता हेच मशीन बेळगावलाही बसवू!"

साल होतं दोन हजार सात. हुबळीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यानं सरांकडून दारात पडद्याचं मशीन बसवून घेतलं होतं. आलेल्या प्रत्येकानं पडद्याला बोट लावून नाव, गाव, फोन, बाई की पुरुष ते सांगायचं आणि शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, ‘मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रियेसाठी येणार का?’ मराठीतही आणि कन्नडमध्येही. होकार देणाऱ्या पहिल्या चाळीस जणांची गुरुवारच्या शिबिराच्या यादीत आपोआप नोंद व्हायची.

तो पडदा रेखानं काढला होता. "होकाराचा आकडा मोठा दिसला पाहिजे. नकार कुणाला सापडताच कामा नये," असं सरांनी सांगितलं होतं. मग काय, पोरगी हुशार! तिनं प्रश्न बारीक अक्षरात घातला. खाली हिरवंगार, तळहाताएवढं बटण काढून त्यावर ‘येते’ असा गोड शब्द टाकला. पुरुषांना ‘येतो’. आणि ‘नको’? ते पार खाली कोपऱ्यात, राखाडीवर राखाडी रंगात. आपल्या हातचलाखीचं तिला भारी कौतुक वाटलं होतं.

संध्याकाळी पेढे घेऊन ती उणकलच्या घरी आली, तर गोदावरी आत्या भिंतीला टेकून बसलेली. अळणावरजवळच्या खेड्यातून ती डोळ्यासाठी आली होती. एक डोळा गेल्या वर्षीच गेला होता आणि दुसऱ्यातला मोतीबिंदू पिकला होता.

"जागा भरल्या म्हणे," रेखाचे वडील सिद्राम म्हणाले. "चाळीसच्या चाळीस, सकाळी एका तासात! पुढचं शिबिर सहा महिन्यांनी."

"सहा महिन्यांत मी चूल कुठं नि दार कुठं ते चाचपत बसीन की गं पोरी," आत्या म्हणाली आणि पदरानं डोळा टिपू लागली.

रेखाच्या तोंडातला पेढा कडू झाला. हुबळीत एका तासात चाळीस मोतीबिंदू? छे! कुठंतरी पाणी मुरत होतं.

मंगळवारी सकाळीच ती वडिलांना घेऊन दवाखान्यात गेली आणि मशीनच्या बाजूला उभी राहिली. दुर्गव्वा नावाची एक म्हातारी पुढे आली. अक्षरं जुळवत तिनं नाव-गाव भरलं. प्रश्न तिला दिसलाच नाही. "झालं न्हवं एवढंच?" असं पुटपुटत तिनं हिरव्या बटणावर बोट ठेवलं, पडद्याला हात जोडले आणि चक्क म्हणाली, "येते हं बाई!"

रेखा चमकली. "अव्वा, डोळ्याचं ऑपरेशन करून घेणार तुम्ही?"

"अय्यो! आपरेशन कुणाचं? मला चष्मा पायजे."

"मग ‘येते’ का दाबलंत?"

"मग काय ‘जाते’ म्हणू?" दुर्गव्वा खवळलीच. "भरल्या दिवशी, दवाखान्याच्या दारात? निघताना बाईमाणसानं ‘येते’च म्हणायचं असतं. कन्नडमधी बी ‘बर्तीनि’च म्हणतो न्हवं आपण? शिकलीस तरी एवढं कळेना व्हय तुला!"

रेखाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! बायाबापड्या मशीनचा निरोप घेत होत्या आणि मशीन त्यांना ऑपरेशनच्या यादीत टाकत होतं. ज्याच्या नजरेला ‘नको’ पडायला हवं होतं, त्याच्यापासून ते रेखानं स्वतः लपवलं होतं.

"अप्पा, सरांनी सांगितलं म्हणून मी…"

"सांगितलं सरांनी. पण ब्रश कुणाच्या हातात होता?" सिद्राम म्हणाले. तीस वर्षं दुर्गदबैलातल्या दुकानांचे बोर्ड रंगवलेला माणूस तो. रेखाची मान खाली गेली.

दोघं तडक कोप्पीकर रोडला आले. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकले. "बोट त्यांनीच लावलं ना? आपण कुणाचा हात धरला होता का?"

"सर, मी बोर्डवाला माणूस," सिद्राम शांतपणे म्हणाले. "दवाखान्याचा बाण मी मुद्दाम उलटीकडं काढला, तर माणूस सोताच्या पायानंच चुकीच्या वाटंला जातो. दोष त्याच्या पायाचा म्हणायचा व्हय?"

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांनी बॅग उचलली. "मला मीटिंग आहे. यावर मग बोलू. बरं, येतो मी!"

"या की!" सिद्राम ताडकन म्हणाले. "गुरुवारी सकाळी आठला या. उपाशीपोटी या, डोळा कापायचाय!"

सर दारातच थबकले. चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "अय्यो देवा!" म्हणत ते मटकन खुर्चीत बसले आणि स्वतःशीच हसू लागले. "मीसुद्धा? मीसुद्धा यादीत गेलो की हो अण्णा!"

मग जी धांदल उडाली! यादी मागवली, दोन फोन सरांच्या नि रेखाच्या कानाला लागले. कुणाचा नंबर शेजाऱ्याचा, कुणाचा किराणा दुकानाचा. बुधवारी दुपारपर्यंत कळलं की चाळिसातल्या सव्वीस जणांना ऑपरेशन नकोच होतं! दवाखान्यानं परत पाठवलेल्यांना शोधून शोधून बोलावलं. त्यात गोदावरी आत्याही होती.

त्याच रात्री रेखानं पडदा नव्यानं काढला. प्रश्न ठसठशीत. खाली दोन बटणं, एकाच मापाची, एकाच रंगाची: ‘ऑपरेशन करायचं आहे’ आणि ‘करायचं नाही’. गुरुवारी संध्याकाळी होकाराचा आकडा शंभरात धाडकन बावीसवर आला. त्या आकड्याचा कागद घेऊन सर स्वतः दवाखान्यात गेले आणि म्हणाले, "आधीचा आकडा आम्ही फुगवला होता. हा खरा आहे." त्या दिवशी शिबिरात मात्र एकही खाट रिकामी राहिली नव्हती.

शुक्रवारी पट्टी सुटली. रेखाच्या खांद्यावर हात ठेवून आत्या दाराशी आली आणि मशीनपुढे थांबली. डोळा बारीक करून तिनं लांबूनच वाचलं, "क-रा-यचं ना-ही." आणि खुदकन हसली. "कुणी लिवलंय गं हे? म्हातारीला बी दिसतंय!"

रेखाचेच डोळे भरून आले होते.

वाचकहो, आपल्यातलं कुणी फॉर्म छापतं, कुणी बोर्ड रंगवतं, कुणी पडद्यावर बटणं काढतं. समोरच्याचा होकार आपल्याला हवा असतो, त्यात वावगं काही नाही. पण त्याला नाही म्हणायची वाटही तितकीच स्वच्छ दाखवा. ज्याला ‘नाही’ सापडत नाही, त्याचं ‘हो’ आपण मिळवलेलं नसतं, चोरलेलं असतं!